घरचा प्रेशर पंप : दुखणे एकीकडे, औषध भलतीकडे



लागणीच्या नोंदी घ्यायला किंवा खोडव्याची पाहणी करायला आम्ही गटात फिरतो, तेव्हा हल्ली एक नवाच प्रश्न पुढे येतो. हुमणीचे बोलून होते, पाण्याच्या पाळीचे होते, तोडीच्या तारखेवरून थोडी कुरबूर होते आणि चहाचा कप हातात आला की घरधनी हळूच म्हणतात, "साहेब, जाता जाता आमचा घरचा पंप तेवढा बघता का? सारखा चालू-बंद, चालू-बंद लागलाय." शेतकी खात्याच्या माणसाने न्हाणीघराच्या पाण्यात काय म्हणून लक्ष घालावे, असे कुणी म्हणेल. पण मळ्यातल्या वस्त्या आता बदलल्या. कौले जाऊन स्लॅब आला, कपडे धुण्याचे यंत्र आले, छतावर सोलर आला, विहिरीचे पाणी छतावरच्या टाकीतून नळाला आले आणि त्याच्या मागोमाग हा लहानसा पंप आला. ठिबक बसवताना गेज, फिल्टर, एन.आर.व्ही. यांची ओळख आपल्याला झालीच आहे. घरच्या पंपात याहून वेगळे काही नाही. फक्त त्याला एक हवेची टाकी आणि एक प्रेशर स्विच जास्तीचा जोडलेला असतो, आणि बहुतेक सगळी दुखणी या दोघांचीच असतात. औषध मात्र मोटरीला दिले जाते. वाईंडिंग पुन्हा भरून आणायचे, महिन्याने ते पुन्हा जळायचे, हे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

आधी पाण्याच्या जोराविषयीचा एक गैरसमज काढून टाकू. "टाकी दोन हजार लिटरची आहे, तरी शॉवरला पाणी येत नाही" अशी तक्रार असते. टाकी पाचशेची असो वा पाच हजारांची, जोर टाकीच्या पोटावर ठरत नाही, उंचीवर ठरतो. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ किलोचा दाब मिळतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो. आपण चार किलोचा पाईप, सहा किलोचा पाईप म्हणतो ना, तोच हा किलो. छतावरच्या टाकीतले पाणी नळापासून तीन मीटर वर असेल तर नळाला ०.३ किलोच मिळणार. बादली भरायला तेवढे पुष्कळ झाले. शॉवरला, गीझरला किंवा यंत्राला ते पुरत नाही. म्हणून टाकी आणि नळ यांच्यामध्ये हा पंप बसवायचा. ज्यांना बादलीवर अंघोळ चालते त्यांनी हा खर्च करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण घरात आता आमचे मत कोण विचारतो!

पंप चालतो कसा

नळ उघडला की पाईपातला दाब उतरतो. ठरलेल्या खालच्या आकड्याला स्विच मोटर सुरू करतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि वरच्या आकड्याला स्विच मोटर बंद करतो. नेहमी आढळणारी जोडी म्हणजे खाली १.४ किलो व वर २.८ किलो. गेजवर पी.एस.आय. असेल तर तेच २० आणि ४० दिसेल. स्विचच्या पोटात एक रबरी पडदा असतो. पाण्याचा दाब त्याला एका बाजूने ढकलतो आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंग दाबून धरते. या दोघांच्या रेटारेटीत कॉन्टॅक्ट मिटतात किंवा उघडतात. बस, एवढेच यंत्र.

पण पाणी हे दाबले जाणारे द्रव्य नव्हे. हवा नसेल तर चमचाभर पाणी सुटले तरी दाब एकदम कोसळतो आणि चमचाभर भरले की एकदम चढतो. म्हणून सोबत ती गोल टाकी दिलेली असते, बहुधा २४ लिटरची. तिच्यात रबराची पिशवी असते. पिशवीत पाणी आणि पिशवी व पत्रा यांच्यामध्ये हवा. हवा दबते, फुगते आणि मोटरीला उसंत देते. हवा बरोबर असेल तर १.४ ते २.८ किलोच्या दरम्यान ही २४ लिटरची टाकी सात-आठ लिटर पाणी मोटर न लावता देते. म्हणजे दोन तांबे पाणी घेतले तर मोटर चालूसुद्धा होऊ नये.

ही हवा हळूहळू जाते. सायकलची ट्यूब पंक्चर नसतानाही महिन्या-दोन महिन्यांत बसते, तसेच हे. टाकीच्या एका टोकाला प्लॅस्टिकचे टोपण असते. ते काढले तर खाली मोटारच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह दिसतो. पंप बसवून चार-चार वर्षे झालेल्या घरांतून आम्ही विचारले, "हे टोपण कधी काढलंय का?" त्यावर उत्तर येते, "ते काढायचं असतंय होय?"

एका वस्तीवर एकाच उन्हाळ्यात दोन वेळा वाईंडिंग जळाले. दुसऱ्या खेपेला मेकॅनिकने "व्होल्टेज कमी आहे" म्हणून स्टॅबिलायझर घ्यायला लावला. तरी मोटर हात लावू देईना इतकी तापायची. आम्ही गेलो तेव्हा मालक व्होल्टेजविषयीच बोलत होते. वहिनी चुलीपाशी होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, "व्होल्टेजचं मला कळत नाही, पण पहिल्या वर्षी मी सगळी भांडी घासून होईस्तोवर पंप दोनदा लागायचा. आता एक ताट धुतलं की चारदा लागतो." निदान त्या एका वाक्यात झाले. मोटर सुरू होताना चालू स्थितीच्या कितीतरी पट करंट ओढते. दिवसाकाठी पाच-पन्नास वेळा सुरू होणे तिला झेपते. मिनिटाला दहा वेळा सुरू झाली तर वाईंडिंग तापून लाखच वितळणार. टाकीच्या व्हॉल्व्हची पिन दाबून पाहिली तर हवेचा फुसकाही निघाला नाही. सायकलच्या पंपाने हवा भरली. त्यानंतर पाण्याचा एक मोठा हंडा अर्धा होईपर्यंत मोटर गप्प होती. स्टॅबिलायझर अजून भिंतीवर आहे. त्यावर मालकांनी टॉवेल वाळत घातला होता.

हवा भरण्याची रीत नीट ध्यानात घ्यावी, कारण इथेच घोटाळा होतो. पंपाचा प्लग काढावा. छतावरच्या टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद करावा. मग घरातला सर्वात खालचा नळ उघडून गेज शून्यावर येईपर्यंत पाणी सोडून द्यावे. पाणी आत असताना हवा मोजली तर ती हवा नव्हे, पाण्याचाच दाब मोजला जातो. नळ उघडा ठेवूनच हवा भरावी आणि स्विचच्या खालच्या आकड्यापेक्षा थोडी कमी ठेवावी. स्विच १.४ किलोला लागत असेल तर हवा १.२ ते १.३ किलो, म्हणजे टायरच्या गेजवर १८. मोटरसायकलच्या चाकात याहून जास्त हवा असते, तेव्हा सायकलचा हातपंप पुष्कळ झाला. जास्त भरली म्हणजे जास्त चांगले, असे मुळीच नाही. हवा खालच्या आकड्यापेक्षा वर गेली तर मोटर लागण्याआधीच पिशवी रिकामी होते आणि नळाला मध्येच खंड पडतो. पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले तर पिशवी फाटली समजावे. ती वेगळी मिळते आणि टाकीच्या तोंडाची चकती खोलून बदलता येते. त्यासाठी अख्खा पंप नवा घ्यायची गरज नाही.

रात्री कुणी नळ उघडत नाही, तरी पंप लागतो

हे दुसरे नेहमीचे दुखणे. "साहेब, रात्री दोनला आपोआप लागतो. आई म्हणती, काहीतरी बाधा आहे." बाधा नाही, गळती आहे. पण गळती कुठे, हे भिंत फोडण्याआधी शोधता येते. पंपाच्या पुढे, घराकडे जाणाऱ्या पाईपवर व्हॉल्व्ह असतो. नसेल तर आजच बसवून घ्यावा. रात्री निजताना पंपाने दाब भरून घेऊन तो व्हॉल्व्ह बंद करावा, प्लग काढावा आणि गेजचा आकडा पाहून ठेवावा. सकाळी काटा होता तिथेच असेल तर पंप शुद्ध आहे आणि गळती घरात आहे. बहुतेक वेळा ती संडासाच्या फ्लशच्या टाकीची असते. तिचे पाणी भांड्याच्या मागून आवाज न करता झिरपते. टाकीत चिमूटभर कुंकू किंवा निळीचे चार थेंब टाकून पाहावे. भांड्यात रंग उतरला तर चोर सापडला. पण व्हॉल्व्ह बंद असतानाही काटा उतरला असेल तर पाणी पंपातून मागे टाकीत चालले आहे, म्हणजे एन.आर.व्ही. धरत नाही. विहिरीच्या पाण्यातला खडा किंवा शेवाळ्याचा तुकडा त्याच्या बैठकीवर अडकतो. खोलून धुतला की बऱ्याचदा काम होते.

पंप बंदच होत नसेल तर काय? इथेही गेज खरे काय ते सांगते. पुढचा व्हॉल्व्ह बंद करून काट्याकडे पाहावे. काटा २ किलोवर जाऊन तिथेच थांबला आणि मोटर चालूच राहिली, तर स्विच निर्दोष आहे. पंप २.८ पर्यंत पोचू शकत नाही, म्हणून स्विच आपली वेळ येण्याची वाट पाहतो आहे. ओढीच्या बाजूला हवा शिरते आहे का, जाळी तुंबली आहे का, इंपेलर झिजला आहे का, व्होल्टेज पडले आहे का, हे पाहावे. उलट काटा ३ किलोच्या पुढे जाऊनही मोटर थांबत नसेल, तर ताबडतोब बंद करावी. अशा वेळी एकतर स्विचचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटले आहेत, नाहीतर स्विचपर्यंत दाब पोचतच नाही. स्विचला पाणी पोचवणारी निपल काडीएवढ्या भोकाची असते. आपल्या भागातल्या खारवट विहिरींच्या पाण्याने तिच्यात क्षाराची पुटे चढतात. किटलीच्या बुडाशी चढतो तोच हा पांढरा थर. निपल काढून तारेने साफ केली की जुनाच स्विच नव्यासारखा चालतो. एका दुकानदाराने तीन वर्षांत तीन स्विच विकलेले घर आम्हाला ठाऊक आहे. निपल मात्र पहिलीच होती.

बंद न होणारा पंप तसाच चालू ठेवू नये. पाणी पुढे जात नाही, पंप तेच पाणी घुसळत राहतो, ते कढत होते, सील जाते, प्लॅस्टिकची जोडणी मऊ पडून सुटते. त्याहून वाईट म्हणजे काही मेकॅनिक "स्विच डायरेक्ट करून देतो" म्हणतात. म्हणजे स्विच काढून दोन वायरी एकत्र पिळायच्या आणि घरच्यांनी बटणाने चालू-बंद करायचे. एक दिवस कुणीतरी बंद करायला विसरणार आणि भिंतीतला सांधा उघडणार, हे ठरलेलेच. "तात्पुरते" म्हणून केलेले हे काम दोन-दोन वर्षे तसेच असते.

सुरूच होत नाही, किंवा नुसता घूं करतो

गेजवर दाब शिल्लक असेल तर पंप लागणारच नाही, हे आधी पाहावे. काटा शून्यावर असून मोटर गप्प असेल तर प्लग काढून स्विचचे झाकण उघडावे. प्लग काढणे हे बोलण्यापुरते नव्हे. झाकणाखाली उघडे करंटचे स्क्रू असतात आणि आपले हात ओले असतात. कॉन्टॅक्टच्या फटीत बहुधा मुंग्या सापडतात. उबेला येतात, कॉन्टॅक्ट मिटताना चिरडतात, जळून काजळी होते आणि मग वीज पुढे जात नाही. मऊ ब्रशने साफ करावे. वायर आत जाण्याचे भोक एम-सीलने बुजवावे. कॉन्टॅक्ट कानशीने घासू नयेत, वरचा मुलामा जातो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. खड्डे पडले असतील तर स्विच बदलावा.

नुसता घूं आवाज येत असेल तर लगेच बंद करावे. पंप महिनाभर पडून असेल तर क्षाराने इंपेलर धरलेला असतो. प्लग काढून मोटरीच्या मागच्या पंख्याच्या दांड्याला पेचकसाने फिरवून मोकळा करावा. मोकळा असूनही घूं करत असेल तर कॅपॅसिटर गेला. नवा आणताना जुन्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा लिहून न्यावा. "एक नंबर जास्तीचा घाला, जोर येईल" असे म्हणणाऱ्याचे ऐकू नये. वीज तोडली तरी कॅपॅसिटर काही वेळ भरलेला असू शकतो, म्हणून त्याच्या टोकांना बोट लावू नये.

व्होल्टेजचे खापर मात्र अगदीच खोटे नाही. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे उतरतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर सुरू होण्याचा जोर साधारण ६० टक्केच उरतो. संध्याकाळी बारीक वायरीने लांबच्या खांबावरून घेतलेल्या वस्तीवर असे घडते. तिथे वायर जाड करणे हा स्टॅबिलायझरपेक्षा टिकाऊ उपाय आहे.

काही सभासदांनी हाच पंप विहिरीच्या काठावर बसवून थेट ओढ घेतली आहे. त्यांना एवढेच सांगतो की, पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रकाठीसुद्धा ते १०.३ मीटरच्या वर चढणार नाही. आपला भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, म्हणजे त्यातले अर्धा मीटरभर इथेच गेले. पाईपातले घर्षण धरता प्रत्यक्षात २० ते २२ फुटांपर्यंतच भरवसा. पूर्वी पाणी उतरेल तशी मोटर विहिरीतल्या खालच्या कट्ट्यावर उतरवावी लागे, ती याचसाठी. एप्रिलात पाणी खाली गेले की काठावरचा पंप कोरडा फिरतो आणि सील जाते. विहिरीतून टाकीपर्यंतचे काम पाणबुडी मोटरीला करू द्यावे आणि प्रेशर पंप टाकीखालीच ठेवावा. टाकीत फ्लोट स्विच बसवून तो पंपाच्या वायरीत घ्यावा, म्हणजे टाकी रिकामी झाली की पंप आपोआप थांबेल.

सोलरविषयी एक इशारा. छतावर टाकीपाशी हवेची उभी नळी वर काढलेली असते, तो सोलर बिनदाबाचा असतो. त्याला प्रेशर पंपाचे पाणी कधीही जोडू नये. नळीतून पाणी उडत राहते, आणि नळी बुजवली तर टाकी फुगते, शिवण उघडते आणि कढत पाणी खाली येते. दाबाचा सोलर वेगळा मिळतो. घेताना विचारून घ्यावा.

विजेचे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करता येत नाही. खरे तर एवढ्यासाठीच तो लिहायला घेतला. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गटात एका वस्तीवर दुभती गाय दगावली. पंप गोठ्याच्या भिंतीला होता. त्या लाईनचा न्यूट्रल तुटला होता. दुरुस्तीला उशीर लागेल म्हणून पंपाला एक फेज देऊन दुसरे टोक अर्थिंगच्या सळईला बांधले होते. पंप चालला, नळाला पाणी आले, सगळे खूश. आठ दिवस असेच. पण अशा जोडणीत सगळा करंट त्या सळईतून मातीत उतरतो आणि सळईभोवतालची जमीनच जिवंत होते. गोठा ओला, गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटरचे अंतर, त्या अंतरातला व्होल्टेजचा फरक तिच्या अंगातून गेला. माणसाला पायाला नुसत्या मुंग्या आल्या असत्या तिथे जनावर कोसळते. धुण्याचा दगड त्याच सळईपासून चार हातांवर होता.

आता यातले एक ध्यानात घ्या. त्या घरात ३० मिलीअँपिअरचा आर.सी.सी.बी. होता. जाणारा आणि परत येणारा करंट सारखा नसला की तो क्षणात पडतो. न्यूट्रलऐवजी अर्थिंग जोडल्यावर तो पडणारच, आणि तसा पडतही होता. "सारखा ट्रिप होतोय, खराब आहे" म्हणून तो बाजूला करून वायरी थेट जोडल्या गेल्या. तो ओरडून सांगत होता, त्याचेच तोंड बांधले. म्हणून पंप लावला की आर.सी.सी.बी. पडत असेल तर त्याला दोष देऊ नये. मोटरीच्या वाईंडिंगला ओल लागलेली असते, वायर कुठे तरी सोललेली असते, नाहीतर जोडणी चुकलेली असते. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबूनही पडला नाही तर तो बदलावा. मोटरीच्या बॉडीपासून हिरवी वायर अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत सलग गेली पाहिजे. मध्ये पिळून टेप लावलेला सांधा नको. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला घागरभर पाणी ओतावे, कोरड्या मातीतून करंट जात नाही. न्यूट्रल तुटला असेल तर महावितरणच्या वायरमनची वाट पाहावी आणि तोवर पाणी छतावरच्या टाकीतून बादलीनेच घ्यावे.

हवेचे आणि पाण्याच्या दाबाचे अशी दोन गेज प्रत्येक गट कार्यालयात ठेवण्याची व्यवस्था केली आहे. सोबत सायकलचा हातपंपही आहे. नेताना वहीत नाव व गावाची नोंद करावी आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यावे, कारण ठिबकवाल्या सभासदांनाही तीच लागतात. स्विचच्या स्प्रिंगचा नट फिरवायचा असेल तर झाकणाच्या आतला कागद आधी वाचावा. बहुतेक स्विचांत मोठा नट दोन्ही आकडे एकदम सरकवतो आणि लहान नट फक्त वरचा. अर्ध्या आट्याहून जास्त एका वेळी फिरवू नये, आणि फिरवल्यावर गेज पाहावे. हवा तपासल्याशिवाय मात्र नटाला पानाच लावू नये.